साठ हात दोर

तू आधी खाली बस. पाणी नको, चहा नको, काही नको, फक्त ऐक. आणि मधे मधे 'मग? मग?' करू नकोस, मी सांगतेच आहे. तू महिनाभर मावशीकडे जाऊन बसलीस. आमच्या घराचं काय झालं ते तुला आल्या आल्या कुणीतरी सांगितलं असेलच, पण जे सांगितलं असेल ते खोटं आहे. म्हणजे कुत्रं आलं होतं हे खरं, ताईसमोर बसलं हेही खरं, पण पुढचं सगळं खोटं. मी आत्ता थेट ठाण्यातून येतेय. घरी गेलेच नाही अजून. का गेले नाही ते कळेल तुला.

आमचं काम तुला माहीत आहे, पण तू कधी जवळून बघितलंच नाहीस. घायपात कुजवायच्या खड्ड्याचा वास आला की नाकाला ओढणी लावून पळतेस. आज ऐक. खड्ड्यातून काढलेली पानं आई दगडावर बडवते, धुते, वाळवते, मग खिळ्यांच्या फळीवर विंचरते. तो झाला वाख. ताई तो वाख कमरेभोवती गुंडाळते, पार पोट सुटल्यासारखी दिसते. त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवते, बाबा चाक फिरवतात आणि ताई बोटांतून वाख सोडत सोडत मागे मागे चालत जाते. उलटी. झाडांच्या रांगेखाली आमची ती वाट आहे ना, सत्तर हात सरळ, ती तिच्या टाचांनी पडलेली वाट आहे. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं मोठी माणसं उलटीच चालतात. असे तीन पदर झाले की ते एकत्र पिळायचे, आणि मग मी ओल्या गोणपाटानं तो दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत घासते, कुसळं मोडायला. हाताला पकड यावी म्हणून ताई दर चार पावलांनी तळहातावर थुंकते. हसू नकोस. दोर वळणारे सगळेच थुंकतात. थुंकल्याशिवाय पीळ बसत नाही.

म्हणजे कळलं का, आमच्या दोरात काय काय असतं? आईचे हात, बाबांचे हात, माझे हात, आणि ताईची तर थुंकी, घाम, रक्तसुद्धा. आणि हा दोर कुणाकडे नाही? गावातली प्रत्येक गाय आमच्या दोरानं बांधलेली आहे. तुझ्या गोठ्यात बघ जा.

यंदा पाणी खाली गेलं. सगळ्या विहिरींच्या मोटरी दहा-दहा हात खाली सोडायला लागल्या, म्हणून दोराला मागणी. बाबा म्हणत होते, लोकांचं पाणी गेलं आणि आपल्याला काम आलं, हे काही बरं नाही. पण काम करत होतो. तेव्हाच बागवाल्याचा रखवालदार आला. वरच्या अंगाला ज्याची मोठी बाग आहे तो बागवाला, आणि त्याचा रखवालदार, तो नाही का, बोलताना एका पायानं दुसरा पाय खाजवतो, तो. साठ हात दोर पाहिजे म्हणाला, मोटर सोडायला. ताईनं त्याच्यासमोर हातानं मोजून दिला. वर म्हणतो, "हातभर जास्त दे की गं, बागेतली फळं देईन." ताई म्हणाली, "मागच्या वेळेची फळं अजून झाडावरच आहेत वाटतं." पण हातभर जास्त दिला. दोराचं टोक सुटू नये म्हणून आम्ही त्याला पांढरा दोरा गुंडाळतो, तो नेमका संपला होता. म्हणून तिनं खताच्या पोत्याचा निळा धागा ओढून काढला आणि तोच गुंडाळला. हा निळा धागा लक्षात ठेव.

सव्वा महिन्यानं, मंगळवारी, सकाळची दहाची वेळ. ताई तिसरा पदर घेऊन मागे मागे येत होती. बाबा चाकावर, आई फळीवर, मी गोणपाट भिजवत होते. आणि बांधावरून माणसं येताना दिसली. पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांत पुढे एक कुत्रं, कुत्र्याच्या मागे लांब पट्टा धरून एक उंच हवालदार, त्याच्या मागे फौजदार, त्याच्या मागे बागवाला पांढरे बूट चिखलातून सांभाळत, आणि मग सगळं गाव. पुढं कुत्रं आणि मागं वरात! मी आधी हसलेच. मला वाटलं जातील पुढे.

कुत्रं वळलं. आमच्याच वाटेला लागलं. नाक जमिनीला टेकवून, घाई नाही, गडबड नाही, सरळ. आणि ताईला काही दिसतच नव्हतं, कारण तिची पाठ होती तिकडे! ती मागे मागे येतेय, कुत्रं पुढे पुढे जातंय. बाबांनी चाक थांबवलं. मी ओरडले, "ताई, मागे बघ!" तर ती म्हणते, "चाक का थांबवलं? पदर सैल पडला की!" आणि तिची टाच कुत्र्याच्या छातीवर आदळली. कुत्रं शांतपणे खाली बसलं. ती त्याच्यावरून पडली, कमरेचा सगळा वाख विस्कटला, एक पाय वर. आणि ती माणसं हसली. तिला कुणी उठवलं नाही. हात त्या कुत्र्याच्या हवालदारानं दिला, तेवढाच एक.

फौजदारानं पिशवीतून दोर काढला. "हा ओळखतेस?"

आता ताई कशी आहे तुला माहीत आहे. तिनं दोर हातात घेतला, बोटांनी पीळ चाचपला, टोक बघितलं, निळा धागा बघितला आणि म्हणाली, "हो, माझाच आहे."

झालं! सगळ्या गर्दीतून "हाऽऽ" असा आवाज निघाला. फौजदार बागवाल्याकडे वळून म्हणतो, "बघा. कबूल."

"काय कबूल?" ताई म्हणाली. "माझा म्हणजे मी वळलेला. यांच्याच विहिरीसाठी रखवालदारांनी नेला होता. सव्वा महिना झाला."

तेव्हा आम्हाला कळलं की बागवाल्याची मोटर विहिरीतून गेली. तो तीन दिवस बाहेरगावी होता, परत आला तर मोटर नाही, आणि विहिरीच्या काठावर कापलेला दोर पडलेला. चोराचाच दोर म्हणून त्यानं तो पिशवीत घालून दिला, आणि त्यांनी तो कुत्र्याला हुंगवला! तूच सांग, जो दोर सव्वा महिना त्याच्याच विहिरीवर होता तो! पण बागवाला कधी स्वतःच्या विहिरीवर जाऊन बघतो का? तो म्हणाला, "माझ्या विहिरीवर नायलॉनचा दोर आहे." इतक्या खात्रीनं म्हणाला की मलाच क्षणभर वाटलं, असेल बाबा.

रखवालदार तिथेच उभा होता. फौजदारानं विचारलं, "काय रे, तू नेलास दोर?"

त्यानं पायानं पाय खाजवला. "मी कशाला नेईन साहेब? मला तर आठवत नाही."

"वर हातभर जास्त मागून घेतलात," ताई म्हणाली.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. मालकाकडे बघून म्हणाला, ताईकडे नाही.

मग तो उंच हवालदार पुढे झाला. "साहेब, एक सांगू का..."

"तू कुत्रं सांभाळ."

"नाही, म्हणजे दोर जर हिनंच वळलेला असेल तर कुत्रं..."

"कुत्रं खोटं बोलत नाही," फौजदार म्हणाला. माणसं मान हलवायला लागली. कुत्रं खोटं बोलत नाही, कुत्रं खोटं बोलत नाही. ज्यांच्या पोरांना ताईनं झोक्याला दोर फुकट दिले ती माणसं गं!

आणि मग मी तोंड उघडलं. सगळं माझ्या तोंडानं झालं, आई अजून तेच म्हणते. मी म्हणाले, "साहेब, तुमच्या जीपला मागे जो दोर बांधलाय ना, तोपण आमचाच आहे. तो हुंगवा कुत्र्याला. बागवाल्यांच्या गाईचं दावं हुंगवा. या सगळ्यांच्या घरातला कुठलाही दोर आणा. कुत्रं इथेच येऊन बसेल. मग आम्ही काय यांच्या गाईपण चोरल्या? तुमची जीपपण चोरली?"

माणसं हसली. आधी ताईला हसली होती, आता फौजदाराला हसली. तो उंच हवालदार खाली बघून कुत्र्याचा पट्टा नीट करायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते. फौजदाराचा चेहरा असा झाला की... मला तेव्हाच कळायला हवं होतं. माणूस चुकला तर एक वेळ मागे फिरतो, पण लोक हसल्यावर नाही फिरत.

"घ्या हिला गाडीत," तो म्हणाला. "आणि घर बघा."

घर बघितलं म्हणजे काय केलं सांगू? मोटर शोधत होते ना, मोटर केवढी असते? तरी धान्याचे डबे पालथे केले. वाखाच्या पेंढ्या सोडून उधळल्या. आईनं आठवडाभर विंचरलेला वाख बुटांखाली गेला. एकानं खड्ड्यात काठी घालून ढवळलं आणि त्या वासानं तिथेच ओकला. तेवढंच एक बरं झालं. मोटर नाही मिळाली तर म्हणाले, चाक घ्या. पुरावा. अगं, चाक कसला पुरावा? बाबा म्हणाले, "घ्यायचं तर घ्या, पण आस हळू काढा, माझ्या वडिलांनी बसवलाय, मी दाखवतो कसा निघतो ते." आणि ते पाना आणायला वळले तर एका शिपायानं दगड घेतला आणि ठोकला. दोन घावांत निघाला. लाकूड चिरलं. बाबा पाना हातात घेऊन तसेच उभे. मग त्यांच्यापुढे एक कागद धरला, अर्धा कोरा, आणि सही कर म्हणाले. केली त्यांनी. पाना काखेत धरून केली.

बाईला संध्याकाळनंतर ठाण्यात ठेवता येत नाही म्हणे. म्हणून संध्याकाळी सोडायचे आणि 'उद्या नऊला हजर' म्हणायचे. ठाणं सहा मैल. मी तिच्याबरोबर जायचे. बुधवारी गेलो, गुरुवारी गेलो. त्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, आणि रस्त्यात जो भेटेल तो विचारणार, "कुठे?" आणि त्याला माहीत असायचं कुठे.

तिथे पुरुषांना बाक आहे. बाईला जमीन. ताई भिंतीला टेकून बसायची आणि मी दाराबाहेर पायरीवर. लघवीला जायचं तर बाई शिपाई पाहिजे, आणि बाई शिपाई बुधवारी रजेवर होती. पूर्ण दिवस गं! तिनं पाणीच पिणं सोडलं. मी बाटली पुढे केली तर मान हलवायची. ओठ असे पांढरे पडलेले.

फौजदार येता जाता एकच विचारायचा. "मोटर कुणाला दिली?" ती म्हणायची, "मी नेली नाही." "दोर तुझा?" "मी वळलेला." "मग?" हे दिवसातून वीस वेळा. एकदा म्हणतो, "हात दाखव." तिनं दाखवले. तुला माहीत आहेत तिचे हात, तळव्यावर घट्टे, बोटांच्या मधे चिरा. तो म्हणतो, "हे काय बाईचे हात आहेत? या हातांनी मोटर सहज निघेल." आणि गुरुवारी, गुरुवारी तर खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणतो, "मोटर एकट्या माणसाला निघत नाही. दुसरा कोण होता तुझ्याबरोबर? सांग, लाजू नकोस. तुझ्यासारखीला मदत करणारा कुणीतरी असेलच." बाकावरचे दोघं हसले. ताईच्या हातात पदराचं टोक होतं, ते ती पिळत होती, पिळत होती, इतकं की त्याची दोरी झाली.

दुपारी मी मागच्या अंगणात गेले. तो उंच हवालदार कुत्र्याला घासत होता. मला बघून म्हणाला, "जेवलीस का?" मी म्हणाले, "तुमच्या कुत्र्यामुळे आम्ही सगळे उपाशी आहोत." तो म्हणाला, "याच्यावर रागवू नकोस गं. आम्ही याला विचारलं, हा वास कुणाचा? यानं बरोबर सांगितलं, तुझ्या बहिणीचा. याला मोटर म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?"

"मग हे साहेबांना सांगा ना!"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुत्र्यापेक्षा जास्त भुंकू नकोस."

मी त्याच्याकडे बघत राहिले. एवढा उंच माणूस. मी म्हणाले, "आणि तुम्ही ऐकलंत?" तो कुत्र्याचा कान आतून पुसत राहिला. तोही रखवालदारासारखाच, फक्त पाय खाजवत नाही एवढंच.

आणि शुक्रवारी काय झालं असेल? सांग बरं. अंदाज कर. नाही जमणार तुला.

शुक्रवारी सकाळी बाजाराच्या गल्लीतला मोटर दुरुस्त करणारा फटफटीच्या मागे मोटर बांधून बागेच्या दारात आला आणि हाक मारतो, "मालक, कॉइल नवी भरली, आता पाणी असेल तरच चालवा!" अगं, चोरीच नव्हती झाली! बागवाला बाहेरगावी होता तेव्हा त्याच्या मेहुण्यानं विहीर कोरडी पडली तरी मोटर चालू ठेवली. मोटर जळली. मेहुणा घाबरला. त्यानं आणि रखवालदारानं मिळून आमच्याच दोरानं ती वर ओढली, भिजून गाठ सुटेना म्हणून दोर कापला, आणि दुरुस्तीला टाकली. आठ दिवसांत गुपचूप परत बसवायची होती. मालक आधी आला. आणि दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. कुत्रं आलं तेव्हा रखवालदाराला माहीत होतं! ताईला जीपमध्ये बसवलं तेव्हा माहीत होतं! त्याच कुत्र्याच्या मागे वरातीत तोही चालत होता!

मग तुला वाटेल बागवाला आला असेल माफी मागायला. आला ना. नाही, स्वतः नाही, निरोप आला. "झालं गेलं विसरून जा, मोटर मिळाली." मिळाली! जशी काही आमचीच हरवली होती.

पण खरं सांगू, त्यानंतरचे तीन आठवडे त्या तीन दिवसांपेक्षा वाईट होते. मोटर मिळाली हे कुणी लक्षात ठेवलं नाही, कुत्रं ताईसमोर बसलं हे सगळ्यांनी ठेवलं. ती पाण्याला निघाली की पोरं भिंतीमागून भुंकतात. एक गिऱ्हाईक दोर हातात घेऊन नाकाला लावतं आणि डोळा मारतं. तिला काय नाव पडलंय माहीत आहे? 'हुंगलेली.' अमक्याची बहीण नाही, दोरवाल्याची मुलगी नाही, हुंगलेली.

आणि चाक ठाण्यात. बाबांनी फांदी कापून हातफिरकी केली, पण तिच्यानं दिवसात एक दावं होत नाही. बारीक दोरी आई मांडीवर वळते, पदर वर घेऊन, उघड्या मांडीवर. तिची कातडी सोलून निघाली आहे, रात्री त्यावर तेल लावते आणि सकाळी पुन्हा तिथेच वळते. पण सगळ्यांत वाईट काय ते सांगते. ताईला आता उलटं चालता येत नाही. चार पावलं गेली की मान वळवून मागे बघते. मान वळली की बोटं थांबतात, बोटं थांबली की पदर जाड-बारीक होतो. परवा बाबांनी तिचा दोर हातात घेतला, चाचपला आणि बाजूला ठेवला. वयाच्या बाराव्या वर्षापासून जिचा पीळ तारेसारखा, तिचा दोर बाजूला ठेवला. ती उठून आत गेली.

आता कागदाचं ऐक. आठवड्यापूर्वी एक शिपाई कागद घेऊन आला. ही सही द्या आणि चाक घेऊन जा, म्हणाला. मी वाचून दाखवला. "तपासकामी आम्ही स्वखुशीने हजर राहिलो. आमच्यावर कोणतीही सक्ती झाली नाही. पोलिसांविषयी आमची काही तक्रार नाही."

ताई म्हणाली, "परत वाच. पहिलं वाक्य."

मी परत वाचलं. स्वखुशीने.

ती म्हणाली, "मी सही करणार नाही."

बाबा म्हणाले, "चाक आहे बाळा ते. पुढच्या आठवड्यात पेरण्यांचा बाजार."

"मला माहीत आहे."

"कागदावरचा एक शब्द आहे. त्यानं काय होतं?"

"काही होत नसेल तर ते का मागतात?"

तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत. म्हणजे रागानं नाही. त्यांना कळतच नाही काय बोलावं.

आणि आज सकाळी ताई पाण्याला गेली तेव्हा बाबांनी तो कागद माझ्या हातात दिला. चार घड्या घातलेला. म्हणाले, "तू लिहिती-वाचती आहेस. घरातल्या कुणाचीही सही चालते म्हणे. करून टाक. दुपारच्या गाडीवर चाक टाकून आण. ताईला नंतर बघू." आणि मला दिसलं, त्यांनी पहाटेच उठून चाकाच्या दोन्ही खांबांची भोकं साफ केली होती, तेल घातलं होतं. चिरलेल्या लाकडाला पट्टी ठोकून ठेवली होती. सगळं तयार, फक्त चाक यायचं.

मी गेले. रस्ताभर ठरवत गेले, सही करायची, बास, चाक आणायचं, ताई दोन दिवस रडेल आणि मग दोर वळेल. खरंच ठरवलं होतं गं.

मागच्या अंगणात चाक भिंतीला टेकवलेलं. त्याच्या आऱ्यांवर शिपायांचे टॉवेल वाळत घातलेले. मी टॉवेल काढले, घडी केले, बाजूला ठेवले. आणि वळले तर ते कुत्रं. खांबाला बांधलेलं. कशानं बांधलेलं ते बघ ना! दोरानं, आमच्या. टोकाला निळा धागा. ज्याला पुरावा म्हणत होते, ज्याच्यासाठी माझ्या बहिणीला जमिनीवर बसवलं, त्या दोरानं कुत्रं बांधलं होतं.

ते उठलं. माझ्या पायाजवळ आलं, घोट्याला नाक लावलं, मग हाताला, तळव्याला. तो दोर मीच तर घासला होता. आणि हुंगून झाल्यावर ते माझ्यासमोर खाली बसलं. अगदी तसंच, जसं ताईसमोर बसलं होतं. शांत, छाती पुढे काढून, माझ्या तोंडाकडे बघत. आपलं काम झालं, आता पुढचं तुमचं, असं.

मला काय झालं माहीत नाही. मला रडू आलं नाही. माझे कान गरम झाले.

आत गेले. फौजदार चहा पीत होता. त्यानं पेन पुढे केलं. "ये. इथे सही. शहाणी आहेस, बहिणीसारखी नाहीस." बस, हे म्हणाला तो.

मी पेन घेतलं. त्या छापल्या ओळींवर आडवी रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाली लिहिलं: 'माझ्या बहिणीला तीन दिवस काही कारण नसताना जमिनीवर बसवून ठेवलं. ती स्वखुशीनं आली नव्हती. तिच्या अब्रूवर बोललात. तो दोर बागवाल्याचा होता. आमची तक्रार आहे.' आणि खाली सही केली. पूर्ण नाव.

त्यानं वाचलं. कप खाली ठेवला. "हे काय आहे?"

"तुम्हीच म्हणालात ना, घरातल्या कुणाचीही चालते."

"चाक विसर मग."

"आणि तो दोर? पुरावा आहे ना तो? कुत्र्याला का बांधलाय?"

तो ओरडला काहीतरी, ते नाही सांगत तुला. मी बाहेर आले तेव्हा तो उंच हवालदार अंगणात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असणार. त्यानं वाकून कुत्र्याच्या गळ्यातला दोर सोडला, हातावर नीट गुंडाळला, आत नेला आणि टेबलावर ठेवल्याचा आवाज मी ऐकला. "साहेब, हा नोंदीत घ्यायचा राहिला," असं म्हणाला. एवढंच म्हणाला. पण म्हणाला.

आणि मी निघाले. रिकाम्या हातानं. गाडीवाल्याला सांगितलं, तू जा, काही न्यायचं नाही.

आता ऊन उतरलंय. बाबा फाट्यावर येऊन उभे असतील, गाडीची वाट बघत. आईनं मांडीवर ओलं फडकं ठेवून घेतलं असेल, आजपासून सुटले म्हणून. बाजार परवा. ताईला तर माहीतच नाही मी कुठे गेले होते, आणि कळलं तर ती मला मिठी मारेल की 'माझ्यासाठी आईची कातडी का घालवलीस' म्हणेल, मला खरंच सांगता येत नाही. सांग ना. आता बोल, आता तुला बोलायला परवानगी आहे. पेन तुझ्या हातात असतं, समोर तो चहा पीत असता, मागे कुत्रं तसं बसलेलं असतं आणि फाट्यावर तुझे बाबा उभे असते, तर तू काय केलं असतंस?